तीन स्क्रूंच्या मोटरी

कारखान्यात तिला कानवाली म्हणत. खरं नाव हजेरीपुस्तकात होतं आणि तिथंच पडून असायचं. कारखाना म्हणायचा तोही आपला मानानं. छापखान्याच्या डोक्यावरचा एक लांबट हॉल, पाच टेबलं, बारा माणसं आणि छताला दोन पंखे. त्यातला तिच्या टेबलावरचा पंखा तिनं कायमचा बंद करायला लावला होता, कारण तो वाऱ्यापेक्षा बडबड जास्त करायचा. उकाड्यात घामानं निथळत बसेल, पण पंखा लावू देणार नाही.

पूर्वी तिथं दाराच्या घंटा बनत. पुढं शाळांमधून मुलांना यंत्रांचा नाद लावायची टूम निघाली, तशा घंटा गेल्या आणि खोकी आली. खोक्यात तळहातावर मावेल असा एक बोर्ड, चार छोट्या सर्व्हो मोटरी, वायरींचं भेंडोळं आणि पुठ्ठ्याचा कापलेला हात. खांदा, कोपर, मनगट, चिमटा. मुलांनी हात जोडायचा, बोर्डाला आज्ञा लिहून द्यायच्या आणि हातानं खोडरबर उचललं की टाळ्या वाजवायच्या.

ही सर्व्हो मोटर म्हणजे अंगठ्याएवढी निळी डबी, तिच्या डोक्यावर पांढरं पातं. पंख्याच्या मोटरीसारखी ती गरागरा फिरत नाही. तिला सांगावं लागतं, बाई गं, इतकी वळ आणि तिथंच थांब. बोर्ड तिला सेकंदाला पन्नास वेळा हाक मारतो. हाक तोकडी असली की पातं एका अंगाला जातं, लांबवली की दुसऱ्या अंगाला, आणि मधल्या हाकेला मधोमध उभं राहतं. पोटात प्लास्टिकची चार-पाच दातेरी चाकं. एका चाकाचा एक दात मोडला तरी पातं फिरतं, नाही असं नाही, पण हाताला कंप सुटतो आणि खोडरबर टेबलाखाली जातं.

मोटरी गोणीनं यायच्या आणि शंभरात सहा-सात आजारी असायच्या. त्या हुडकून काढणं हे कानवालीचं काम. तिच्या टेबलावर एक बोर्ड आणि त्याला एक फिरवायचं बटण. बटण वळवेल तसं पातं वळायचं. ती मोटर कानामागच्या हाडाला टेकवायची, डोळे मिटायची आणि बटण मुंगीच्या पावलानं फिरवायची. मग आतली सगळी चाकं तिच्याशी बोलायची. तिनं रोगांना नावं ठेवली होती. एक दातपडकी. एक थरथरी. एक रडकी, म्हणजे थांबल्यावरही आतल्या आत कुरकुरणारी. आणि एक भोचक, म्हणजे सांगितलेल्या जागेच्या पुढं डोकावून परत येणारी. आजारी मोटर ती डाव्या हाताच्या डब्यात टाकी. तो डबा महिनाअखेरीस पुरवठादाराकडे परत जायचा. चौदा वर्षं असं चाललं आणि चौदा वर्षांत तिच्या हातची मोटर कुणी परत आणली नाही.

मग मेव्हणे आले.

हे मालकांच्या बायकोचे भाऊ. मालक त्यांना मेव्हणे म्हणत, म्हणून सगळा कारखाना मेव्हणे म्हणू लागला. बारातल्या आठ बायका, त्यांचा हा कुठल्या नात्यानं मेव्हणा, हे कुणी विचारलं नाही. आल्या दिवसापासून त्यांच्या खिशाला तीन पेनं असत आणि ती कशाला लागतात ते कुणी पाहिलं नव्हतं. मालक भले, थोडे थकलेले आणि बायकोच्या माहेराला दबून असलेले. मेव्हण्यांनी त्यांना सांगितलं, दाजी, सहा महिन्यांत माल दुप्पट करून दाखवतो.

माल दुप्पट व्हायला आडवा येत होता तो कानवालीचा डावीकडचा डबा. तो परत पाठवायचा म्हणजे पुरवठादाराशी हुज्जत, पत्रं, फोन, पुन्हा वाट पाहणं. मेव्हण्यांनी त्यावर सोपा उपाय काढला. डबा भरला की न्यायचा आणि पलीकडच्या खोलीत चांगल्या मोटरींच्या पोत्यात ओतायचा. कुणाला कळायचं कारणच नव्हतं. मोटर मोटरीसारखीच दिसते.

तीन महिन्यांनी शाळांमधून ओरड सुरू झाली. हात थरथरतात, चिमटा मिटत नाही, मुलं रडतात. मालकांनी विचारलं, हे कसं काय? मेव्हण्यांनी उत्तर आधीच शिजवून ठेवलं होतं.

एका दुपारी चहाच्या वेळी ते मालकांना घेऊन कानवालीच्या पाठीमागं येऊन उभे राहिले. बाकीच्यांना बोट ओठावर ठेवून गप्प बसायची खूण केली. ती मोटर कानामागं लावून, डोळे मिटून बसली होती. अशा वेळी शेजारी छत कोसळलं असतं तरी हातातली मोटर संपल्याशिवाय ती वळली नसती. मेव्हण्यांनी तिला हळूच हाक मारली. मग किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवला. मग तिच्या मानेमागं चुटक्या वाजवल्या, कुत्र्याला बोलावतात तशा. पॅकिंगवाली, जिच्याबरोबर ती चौदा वर्षं एका डब्यातून जेवली, ती फस्सकन हसली. तेव्हा कानवालीनं डोळे उघडले आणि वळून पाहिलं, तर बारा तोंडं तिच्याकडं बघत होती.

"दाजी, बाईंचा कान गेला," मेव्हणे म्हणाले. "मी नाही म्हणत. तुम्ही स्वतः बघितलंत."

ती सांगायला गेली की मी ऐकत होते, म्हणून ऐकलं नाही. पण हे वाक्य बाहेर पडल्यावर कसं वाटेल ते तिलाच कळलं आणि ते घशातच राहिलं. मालकांनी तिच्या खांद्याकडं बघत सांगितलं की बाई, खूप केलंत, आता विश्रांती घ्या. आठवड्याभरात सगळ्या शाळांना पत्र गेलं: एका जुन्या कर्मचारी बाईंची श्रवणशक्ती क्षीण झाल्यामुळे काही सदोष मोटरी नजरचुकीनं गेल्या, यापुढं तपासणी अद्ययावत यंत्रावर होईल.

घरी तिची नणंद होती, नवऱ्याची थोरली बहीण. नवरा गेल्यावर दोघीच उरल्या होत्या, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत, भांडत आणि एकमेकींचे पाय चेपत. वन्सं कानानं अधू, पार दगड. त्यामुळं झाली गोष्ट कानवालीला ओरडून सांगावी लागली, आणि वन्संना 'चुटक्या' हा शब्द समजेपर्यंत तो खालच्या दोन मजल्यांना पाठ झाला. सगळं कळल्यावर वन्संनी हातातलं लाटणं खाली ठेवलं.

"बहिरी मी," त्या म्हणाल्या, "आणि कान गेला तुझा? हे तू ऐकून घेतलंस, वहिनी?"

त्याच वाक्यानं तिच्या आत ठिणगी पडली म्हणायचं. एरवी ती चार दिवस रडून मोकळी झाली असती.

त्याच रस्त्यावर असली खोकी भरणारे आणखी दोन कारखाने होते. ती दोन्हीकडं गेली. पहिल्यानं बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून विचारलं, तुम्हाला ऐ-कू ये-तं ना? दुसऱ्यानं एवढंही केलं नाही. त्याच्या टेबलावर ते पत्र पडलेलं होतं. कानच गेला म्हटल्यावर कानवालीचं उरतं काय? गाणारीचा गळा गेला तर ती निदान शिकवते. हिला चौदा वर्षांत दुसरं काही येत नव्हतं, आणि जे येत होतं ते नाही असं छापून गावभर वाटलेलं होतं.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे, तिलाच शंका येऊ लागली. सकाळी उठून ती घड्याळ कानाला लावून बघे. नळाचं ठिबकणं मोजे. मोटरी खराब निघाल्या हे तर खरं होतं ना? मग त्या हातून सुटल्या कशा? शेवटी न राहवून ती एका शाळेत गेली. म्हटलं, एकदा या कानांनी ऐकते, मग काय ते माझं मी बघते.

शाळेतल्या विज्ञानाच्या बाई तरुण आणि फटकळ होत्या. त्यांनी आधी तिला आपादमस्तक पाहिलं आणि विचारलं, म्हणजे पत्रातल्या त्या तुम्हीच? मग कपाट उघडलं. आत तीस पुठ्ठ्याचे हात एकावर एक रचून ठेवले होते, अपघातानंतर ठेवावेत तसे. कानवालीनं त्यातलाच एक बोर्ड घेतला, बटण जोडलं आणि पहिली मोटर कानामागं धरली. दातपडकी. अगदी ढळढळीत, दारावर थाप मारावी तशी. दुसरी थरथरी. तिसरी पुन्हा दातपडकी. कान तर धड होता. मग असल्या मोटरी आपण पास केल्या, त्या झोपेत की काय?

तिनं मोटर उलटी केली आणि बूड पाहिलं. मग दुसरी उलटी केली. तिसरी. आणि ती हसायला लागली. विज्ञानाच्या बाईंना वाटलं, हिचं काही खरं नाही.

प्रकार असा होता. या डबीच्या बुडाला चार कोपऱ्यांत चार बारीक लांब स्क्रू असतात. गोणीतून येणाऱ्या चांगल्या मोटरींत कधी कधी एखादा स्क्रू नसायचाच, आणि सुटे स्क्रू कुणी देत नसे. म्हणून कानवालीनं आपली एक सवय लावून घेतली होती. आजारी मोटर डब्यात टाकण्याआधी ती तिच्या बुडाचा एक स्क्रू काढून बरणीत ठेवी आणि तो चांगलीला लावी. परत जाणारीला तीन काय नि चार काय. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. आणि इथं, शाळेच्या कपाटात, ज्या ज्या मोटरी रडत होत्या त्या सगळ्या तीन स्क्रूंच्या होत्या. म्हणजे त्या तिनं पकडल्या होत्या. पकडलेल्या मोटरी कुणीतरी पुन्हा सोडल्या होत्या.

कुणीतरी म्हणजे कुणी, हे विचारायला तिला दुसऱ्या माणसाची गरज नव्हती. डबा न्यायला कोण येई ते तिनं दर वेळी पाहिलं होतं.

विज्ञानाच्या बाई भडकल्या. म्हणाल्या, आत्ताच्या आत्ता जा आणि मालकांसमोर ठेवा हे. कानवालीनं मान हलवली.

"मालक त्याला आत बोलावतील, दार लावून घेतील आणि चहा मागवतील," ती म्हणाली. "माझ्या वेळी दार उघडं होतं, बाई."

त्या दिवसापासून तिचं जेवण वाढलं. वन्संनी ते बरोबर ओळखलं. सूड घ्यायचा तर अंगात ताकद पाहिजे, असं म्हणून त्या भाकरीवर लोणी वाढत. दोघी बसून मेव्हण्यांचं काय काय करायचं याच्या याद्या करत. वन्संच्या यादीत बहुतेक गोष्टी तुरुंगात नेणाऱ्या होत्या. कानवालीला मात्र त्याच्या अंगाला हात लावायचा नव्हता. तिला त्याच्या तोंडून खरं काढून घ्यायचं होतं, आणि तेही माणसांसमोर, मोजून बारांपेक्षा जास्त.

विज्ञानाच्या बाईंशी तिचं ठरलं. शाळेचे बिघडलेले हात ती दुरुस्त करून देणार, बदल्यात काढलेल्या मोटरी तिच्या आणि दुपारी प्रयोगशाळेतला संगणक तिचा. पाठोपाठ आणखी दोन शाळा आल्या. महिन्याभरात तिच्याकडं तीन स्क्रूंच्या मोटरींचा एक पिशवीभर संसार जमला. त्यातली सगळ्यात वाह्यात, जी एकाच वेळी थरथरी, रडकी आणि भोचक होती, तिला तिनं मेव्हणा नंबर एक असं नाव दिलं. तिच्यावर लाल ठिपका देऊन तिला ती वेगळ्या रुमालात ठेवी.

आता अडचण एकच. तिला ऐकू येत होतं, ते लोकांना कसं ऐकवायचं? कान काही कुणाला उसना देता येत नाही. मग ऐकवायचं नाही, दाखवायचं. तिनं ठरवलं की मोटरीच्या पात्याला पेनाची कांडी बांधायची, खाली कागद ठेवायचा आणि मोटरीला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू न्यायचं. चांगली मोटर कागदावर सुरेख कमान काढील. आजारी मोटर आपली कुंडली स्वतःच मांडील.

पण हळूहळू न्यायचं म्हणजे हातानं बटण फिरवून नाही. लोक म्हणतील, हातच थरथरला असेल म्हातारीचा. बोर्डालाच आज्ञा लिहून द्यायला हवी होती, आणि चौदा वर्षं बोर्डाशेजारी बसून तिनं एक ओळ लिहिली नव्हती. विज्ञानाच्या बाईंनी मुलांचं पुस्तक दिलं. ती अक्षर अक्षर जुळवत बसली. पहिल्या दिवशी मोटरीनं एका झटक्यात टोक गाठलं आणि कांडी खिडकीबाहेर गेली. कारण प्रत्येक अंशानंतर थोडं थांब, हे सांगायचं राहून गेलं होतं. ते घातलं. मग कांडीच्या ओझ्यानं बोर्डाची ताकद कमी पडून तो मधेच उचकी लागल्यासारखा पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. म्हणून मोटरीला वेगळी बॅटरी दिली. तर मोटर अंगात आल्यासारखी दोन्ही बाजूंना मुंडी झटकायला लागली. विज्ञानाच्या बाई पुस्तक उलटसुलट करत बसल्या. कानवालीनं मोटर कानामागं धरली आणि म्हणाली, मोटर चांगली आहे, हिला हाक नीट पोचत नाही. बॅटरीची काळी वायर आणि बोर्डाची ग्राउंडची, म्हणजे परतीची, वायर एकमेकींना जोडलेल्याच नव्हत्या. त्या जोडल्या आणि मोटर शहाण्यासारखी चालली. कागदावर पहिली गोल कमान उमटली, तेव्हा कानवालीनं ती कमान पाहिली नाही. रुमाल सोडून तिनं मेव्हणा नंबर एक बाहेर काढला आणि त्याला कांडी बांधली. कागदावर जे उमटलं ते पाहून दोघी पोट धरधरून हसल्या.

इकडं मेव्हण्यांचं यंत्र तयार झालं होतं. एक मोठा बोर्ड आणि त्याला एकदम वीस मोटरी. कळ दाबली की वीसही पाती खाडकन इकडं, खाडकन तिकडं. ज्याचं पातं हललं ती पास. बाई एक मोटर ऐकायची तेवढ्यात यंत्र वीस उरकायचं. ते दाखवायला त्यांनी शाळांच्या शिक्षकांना कारखान्यात बोलावलं. पस्तीसेक माणसं आली. विज्ञानाच्या बाई आल्या, त्यांच्या मागं पदर चापून कानवाली आली, आणि तिच्या मागं वन्सं, बोलावणं नसताना.

मेव्हण्यांनी तिला पाहिलं आणि दिलदारपणे हसले. म्हणाले, या बाई, बघा तुमची जागा कुणी घेतली ते. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, कारण त्यांच्या मते तिला एरवी ऐकू आलं नसतं.

कळ दाबली. वीस मोटरी एकदम कडाडल्या, पत्र्यावर खडे पडावेत तशा. शिक्षकांनी माना डोलावल्या. कानवालीनं मात्र मनातल्या मनात त्या माणसाची अक्कल मापून घेतली. वीस बायका एकदम बोलताना त्यातली बोबडी कोण, हे कुठल्या कानाला कळणार आहे? आणि पातं हललं एवढ्यावर पास करायचं, तर प्रेताचाही हात धरून हलवता येतो.

तेवढ्यात विज्ञानाच्या बाईंनी ठरल्याप्रमाणं पिशवीतून वीस मोटरी काढल्या. म्हणाल्या, या आमच्या मुलांच्या हातांतल्या, सारख्या बिघडतात, तुमच्या यंत्रावर एकदा बघता का? मेव्हण्यांना काय, आयतीच संधी. त्यांनी वीसच्या वीस लावल्या, कळ दाबली, पाती हलली. बाईंनी निरागस चेहऱ्यानं विचारलं, लिहून द्याल? आणि त्या तीन पेनांतल्या एकाला एकदाचं काम मिळालं. मेव्हण्यांनी लिहून दिलं: वीसही मोटरी उत्तम, मुलांनाच हात जोडता येत नसावा. आणि खाली सही ठोकली.

कानवाली पुढं आली. आपलं कांडीचं यंत्र आणि शेजारी बटणाचा बोर्ड तिनं टेबलावर मांडला आणि मालकांना म्हणाली की यातल्या कुठल्याही मोटरी तुम्ही तुमच्या हातानं द्या, वाटल्यास तुमच्या पोत्यातली एखादी मिसळा. मी पाठ करून बसते. मोटर ऐकून आधी सांगते, मग ती कागदावर काय काढते ते सगळ्यांनी बघा. मेव्हणे म्हणाले, हा काय पोरखेळ आहे. पण मालकांची नजर त्या सहीच्या कागदावर गेली होती आणि शिक्षक खुर्च्या सरकवून पुढं आले होते.

ती पाठ करून बसली. मालकांनी मोटर दिली. तिनं ती हाडाला लावली, बटण फिरवलं.

"दातपडकी. मधोमध येईल आणि ठेच लागेल."

कांडी कागदावरून निघाली, मधोमध आली आणि रेघेला खणकन खाच पडली. दुसरी दिली. थरथरी, शेवटच्या वळणावर. शेवटच्या वळणावर रेघेचं गांडूळ झालं. तिसरी तिनं जरा जास्त वेळ ऐकली आणि म्हणाली, ही यांच्यातली नाही, चांगली आहे. मालकांनी ती गुपचूप पोत्यातून घेतली होती. कागदावर नारळाच्या करवंटीसारखी सुरेख कमान उमटली. मागं कुणीतरी टाळी वाजवली. पॅकिंगवाली मान खाली घालून खोक्याची दोरी पुन्हा पुन्हा बांधत होती. चौथी मोटर हातात आली. डोळे मिटूनच तिनं ती हाडाला लावली, तर ती न हलताच आत कुरकुरत होती. तिनं बटणाला हातही लावला नाही आणि विचारलं, हिच्यावर लाल ठिपका आहे का? होता. तो मेव्हणा नंबर एक होता, आणि त्याची रेघ पाहून पस्तीस माणसं खदाखदा हसली. नाव तिनं सांगितलं नाही. ते तिनं स्वतःपुरतं ठेवलं.

मग ती वळली आणि मालकांना म्हणाली, आता या उलट्या करा. स्क्रू मोजा. मालकांनी मोजले. पोत्यातल्या मोटरीला चार, बाकी सगळ्यांना तीन.

"चौथा माझ्या खणात आहे, बरणीत. मी काढलेला. आजारी म्हणून डब्यात टाकताना काढलेला. डबा कोण न्यायचं, ते तुम्हीच विचारा."

मालकांनी खण उघडला. बरणी होती. तिच्यानंतर त्या टेबलावर कुणी बसलंच नव्हतं. त्यांनी बरणी हलवली, स्क्रू खुळखुळले, आणि त्यांनी मेव्हण्यांकडं पाहिलं. मेव्हणे नाही म्हणाले असते तर गोष्ट कदाचित लांबली असती. पण त्यांच्या तोंडून जे निघालं ते असं:

"दाजी, तो पुरवठादार परत घेताना किती कटकट करतो, तुम्हाला कल्पना नाही."

हॉलच्या छताचा चालू पंखा आता सगळ्यांना ऐकू येऊ लागला.

पुढं मालकांनी तिला जागा परत देऊ केली. वर जास्त पगार, खुर्चीला गादी आणि शाळांना नवं पत्र. शाळा तर अडूनच बसल्या की बाईंनी ऐकलेली मोटर असेल तरच खोकं घेऊ. पत्र तिनं घेतलं, आधी स्वतः वाचून आणि दोन शब्द बदलून. दोन्ही कारखान्यांनाही त्याची प्रत पाठवायला लावली. खुर्ची मात्र नाकारली. म्हणाली, तो जिना मी चढणार नाही. मोटरी माझ्या घरी येतील. आणि गोणी मेव्हणे आणतील, स्वतः, आणि माझं ऐकून होईपर्यंत उभे राहतील. मालकांच्या बायकोनं दोन दिवस अबोला धरला म्हणे. पण शाळा मोठ्या होत्या आणि मालकांनी आयुष्यात पहिल्यांदाच माहेरापेक्षा खोक्यांची बाजू घेतली.

तेव्हापासून दर सोमवारी सकाळी मेव्हणे खांद्यावर गोणी घेऊन तीन मजले चढतात. ते यायच्या आत वन्सं दोन्ही खुर्च्या आतल्या खोलीत नेऊन ठेवतात. खिशात पेन हल्ली एकच असतं. कानवाली खिडकीशी बसते, मोटर हाडाला लावते, डोळे मिटते. आजारी निघाली की चवीनं रोगाचं नाव घेते आणि मोटर त्यांच्या हातात देते. त्यांनी ती मुकाट्यानं परतीच्या पिशवीत टाकायची, तीन मजले उतरायचे आणि पुरवठादाराशी जाऊन भांडायचं. सुरुवातीचे सोमवार फार गोड गेले. एकदा तर शंभरात अकरा निघाल्या आणि त्या दिवशी दोघींनी शिरा केला.

पण भांडून भांडून पुरवठादार सुधारला. गोणीत आजारी मोटरी कमी होऊ लागल्या. परवाच्या सोमवारी ओळीनं चाळीस मोटरी चांगल्या निघाल्या. कानवालीचं कपाळ आक्रसत चाललं होतं. मेव्हणे दाराशी उभे, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार घेत, आणि बहुधा मनातून सुखावलेले. एक्केचाळिसावी तिनं लावली. बटण एका टोकापासून दुसऱ्या टोकाला नेलं. मग परत आणलं. मग आणखी हळू नेलं. कुठं एक दाणा, एक खरखर, एक श्वास तरी अडेल म्हणून ती त्या मोटरीच्या पोटात शिरून बसली. तिसऱ्यांदा फिरवलं तेव्हा मेव्हण्यांनी मानेवरचा घाम पुसला.

"कशी आहे?" त्यांनी विचारलं.

एक शब्द पुरला असता. दातपडकी म्हटलं असतं तर कुणी तपासणार नव्हतं. तिच्यावर तपासणारा आता कुणी उरलाच नव्हता. मोटर गेली असती पिशवीत, आणि हा खाली उतरून, उन्हातून जाऊन पुरवठादाराकडून शिव्या खाऊन आला असता. शब्द जिभेवर येऊन बसला होता. तिनं डोळे उघडून त्याच्याकडं पाहिलं. त्याच्या बोटांकडं पाहिलं, ज्यांनी चुटक्या वाजवल्या होत्या. कान मात्र आपलं सांगायचं ते सांगून गप्प झाला होता.

"चांगली," ती म्हणाली, दातात अडकलेलं काढून टाकावं तशी.

आणि मोटर उजवीकडं ठेवून तिनं गोणीत हात घातला, पुढची काढली, हाडाला लावली आणि ती तरी आजारी निघावी म्हणून जिवाचा कान केला.